पाईपलाईन आली, आता भीमेला पाणी कुणाच्या नावावर सोडणार?

परवा रात्री पावणेतीनला गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "आलंय". बस्स एवढंच. काय आलंय, कुठून आलंय असं कुणी विचारत नाही, सोलापुरात "आलंय" म्हणलं की पाणीच. मी उठेपर्यंत बायकोने मोटर लावली होती. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं ते बादलीत धरून बाजूला, फरशीला आणि संडासला होतं, मग हौद, मग वरची टाकी, मग दोन बॅरल, मग पिंप, मग पातेली, आणि सगळं भरून झाल्यावर नळाला अजून धार आहे म्हणून सवयीने तांब्यापण भरून ठेवला. पलीकडच्या गच्चीवरून मित्र ओरडला, "प्रेशर हाय का बे तुमच्याकडं?" म्हणलं आहे. "आमच्याकडं करंगळीएवढं येलालंय," म्हणाला. तीन मोटरी एका लाईनला लागल्यावर करंगळीएवढंच येणार की. साडेचारला पाणी गेलं. आता पुढचे चार दिवस, कधीकधी पाच, त्या बॅरलवर काढायचे.

हे काय नवीन नाही, मी शाळेत होतो तेव्हापासून असंच आहे, आणि तेव्हापासून याचं उत्तरपण एकच ऐकतोय. पाईपलाईन. उजनी धरणाहून आणखी एक पाईपलाईन आली की सोलापूरचं दुखणं संपलं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपलं नाव लागलं तेव्हा सगळ्यांनी हाच जोक मारला होता, की चार दिवसाला नळ येणारं स्मार्ट शहर. पण समांतर पाईपलाईनचा, म्हणजे जुन्या लाईनच्या जोडीला नव्या लाईनचा, विषय त्यातूनच मोठा झाला आणि ती पाहिजेच होती, यात मला शंका नाही. मी एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, आकडे दिसले की बेरीज करायची खोड आहे, त्यामुळे हे गणितपण कधीच करून ठेवलंय. नवी लाईन १७० एमएलडीची, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर. गुणिले ३६५ केलं तर वर्षाचे ६२०५ कोटी लिटर होतात. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३१ कोटी लिटर. म्हणजे ही लाईन वर्षभर एकही दिवस बंद न पडता पूर्ण भरून चालली (आता हसू नका) तरी ती उजनीतून सव्वादोन टीएमसीसुद्धा उचलत नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. आजवर शहराचं बरंच पाणी नदीतून यायचं. उजनीचे दरवाजे उघडायचे, भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूर, मंगळवेढा करत दोनशे किलोमीटरच्या वर वाहत यायचं, आठ-दहा दिवसांनी औजच्या बंधाऱ्यात पोचायचं, आणि तिथून टाकळीच्या पंपहाऊसमधून शहरात. अशा एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडावं लागायचं, आणि असं वर्षातून दोन-तीनदा तरी. म्हणजे वर्षभर अख्खी पाईपलाईन जेवढं पाणी नेते त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आपण एका खेपेला नदीत ओतायचो, कशासाठी तर औजला बंधारा भरावा म्हणून. आमच्या अकाउंटच्या धंद्यात याला सरळ लॉस म्हणतात. शंभराचा माल पोचवायला चारशेचं भाडं. त्यामुळे मीपण वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर हेच बोलत आलो, की पाईप टाका, नदीत सोडणं बंद करा, पाणी वाचवा. सगळं शहर हेच बोलतं. पेपरात हेच येतं, पुढारी हेच बोलतात, आणि आकड्यात बघितलं तर ते खोटंपण नाहीये.

माझं मत बदललं ते मामांच्या गावाला. मामांचं गाव भीमेच्या काठाला, मोहोळकडच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेलो होतो तर नदी पार कोरडी, मधे मधे डबकी, त्या डबक्यात म्हशी बसलेल्या, आणि पात्रात जिकडेतिकडे काळे पीव्हीसी पाईप साप पडल्यासारखे. संध्याकाळी मामा फोनवर बोलत होते, "सोडलं का? किती क्युसेकनं? संगमच्या पुढं आलं का?" तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. मी मुद्दाम बघायला गेलो. पुढे फेस, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, कुणाच्या तरी देवाला घातलेले हार, हे सगळं ढकलत एक गढूळ जीभ हळूहळू वाळूवरून सरकत येत होती, वाळू ते पाणी पिताना अक्षरशः चरचर आवाज येत होता आणि वाळूतून बुडबुडे निघत होते. पाणी गुडघ्याएवढं व्हायला तासभर लागला. तेवढ्यात काठावर बगळे कुठून आले कोण जाणे, पंचवीस-तीस तरी असतील. गावातली पोरं चड्डीवर उड्या मारायला लागली. आणि दुपारी लाईट गेली.

लाईट का गेली, तर शहराचं पाणी चाललंय, मधे कुणी उचलू नये म्हणून नदीकाठच्या मोटरींची लाईट कापतात. दिवसातून एखाद-दोन तास देतात. मामा हसून म्हणाले, "पाणी तुमच्या नावानं येतंय रे, पितो मात्र आम्ही." म्हणलं लाईट नसताना कसं? तर म्हणाले, "ते येळेवर बघायचं आसतंय." म्हणजे डिझेल इंजिन, ट्रॅक्टरवरचा पंप, पात्रातली विहीर, दोन तासात आठ तासाचं पाणी ओढेल असली मोटर, आणि काहीच नाही तरी आठवडाभर वाहून गेल्यावर काठच्या सगळ्या विहिरी पाच-सात फूट वर येतात त्या तर कुणी कापू शकत नाही. पंधरा दिवस नदीला जीव असतो. गुरं पाण्यावर जातात, भोयांच्या जाळ्यात थोडंफार लागतं, टँकर मागायची वेळ महिनाभर पुढे ढकलली जाते.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की ज्याला मी लॉस म्हणत होतो तो कुणाच्या तरी खात्यावर जमा होता. उन्हाळ्यात भीमेला जे काय पाणी मिळतं ते तिच्या स्वतःच्या नावावर मिळत नाही. कालव्याच्या आवर्तनाचं, म्हणजे शेतीच्या पाळीचं, कालव्यात जातं, आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी चंद्रभागेत सोडतात ते वारीच्या नावावर, आणि बाकीचं सोलापूरच्या पिण्याच्या नावावर. पावती शहराच्या नावाने फाटायची आणि दोनशे किलोमीटरची नदी त्या पावतीवर जगायची. आता शहराचं पाणी पाईपातून येणार. चांगलंच आहे. पण मग पुढच्या एप्रिलमध्ये नदीत पाणी सोडायची फाईल कुणाच्या नावाने निघणार? पिण्याच्या पाण्याला कायद्यात आणि धोरणात पहिला नंबर आहे म्हणून तर उजनीच्या दरवाजाला हात लागायचा. तो पहिला नंबर पाईपात शिरला की नदीकडे कुठलाच नंबर उरत नाही.

मला हे म्हणायचंय की पाईपलाईनमुळे वाचणारं पाणी आधी नदीच्या नावावर चढवा, लेखी, टीएमसीमध्ये, आणि मग उरलेल्याची वाटणी करा. हे बोललं की लोक दोन प्रकारे बघतात. शहरातले म्हणतात याला काय झालं, आपल्या नळाचं बघायचं सोडून नदीचं काय लावलंय. आणि गावाकडचे म्हणतात नदीला कशाला पाणी, आम्हाला द्या. तर दोघांशीही थोडं बोलतो.

वाचलेलं पाणी वाचून राहणार नाही हे आधी मान्य करा. आपल्या जिल्ह्यात पाणी दिसलं की त्याचा ऊस होतो. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर पावसाचा जिल्हा, आणि साखर कारखाने तिसाच्या वर, राज्यात सगळ्यात जास्त. पाटपाण्यावर एक एकर ऊस काढायचा तर अंदाजे एक कोटी लिटर पाणी लागतं. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरलं, जे शहरासाठी सरकारी माप आहे आणि आम्हाला कधीच मिळत नाही, तरी वर्षाला अडीच लाख लिटर होतात. म्हणजे एक एकर उसात चाळीस घरं वर्षभर आरामात नांदतील. हे ऐकून शहरातला माणूस लगेच शेतकऱ्याला शिव्या घालतो. थांबा जरा. मी पण घालायचो, मग मामांनी एक दिवस समोर बसवून विचारलं, "मग काय लावू सांग." मला सांगता येईना. फेब्रुवारी २०२३ ची बातमी आठवत असेल, बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने आपल्याच सोलापूरच्या मार्केटला ५१२ किलो कांदा आणला आणि हमाली, तोलाई, भाडं जाऊन त्याच्या हातात २ रुपयाचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. उसाचं बिल उशिरा येतं, त्यासाठी आंदोलनं होतात, पण येतं. एफआरपी म्हणून सरकारने ठरवलेला किमान दराचा काहीतरी आकडा असतो. कारखाना स्वतः टोळी पाठवून तोडून नेतो. मामांच्या वयाच्या माणसाला, ज्याची पोरं पुण्यात आहेत आणि रानात मजूर मिळत नाही, ऊस हे पीक नाही ती फिक्स डिपॉझिट आहे. त्यामुळे ऊस लावणाऱ्याला खलनायक करून काही होणार नाही, पण उसाला पाणी मोजून देणं हे तर करता येतं ना. २०१७ मध्ये सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता, टप्प्याटप्प्याने. ठिबकवर तीस-चाळीस टक्के पाणी आरामात वाचतं. मामांच्या गावात ठिबकच्या नळ्या आहेत बऱ्याच जणांकडे, काही रानात अंथरलेल्या, काही गोठ्यामागे गुंडाळून ठेवलेल्या, अनुदान येऊन गेलेलं. नदीत पाणी आलं की नळी कोण बघतो, दांड फोडून द्यायचं मोकळं.

आणि ज्वारी? हा वेगळा लेख होईल, पण एवढं लिहितोच. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडी ३५-१ निघाली ते मोहोळ आज पाटाच्या आणि कारखान्याच्या चर्चेत असतं. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. कमी पावसात, नुसत्या काळ्या रानातल्या ओलीवर पीक कसं काढायचं हे शोधायला देशात जी ठिकाणं निवडली त्यातलं एक आपलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपण पुण्यात पाहुण्यांना विकतोय आणि इकडे ज्वारीचं रान मोडून पाईप गाडतोय.

आता उजनीकडे या, कारण खरा हिशोब तिथे बिघडलाय. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आणि साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण हे हात लावायचा नाही म्हणून बांधलेलं. आणि आपण काय करतो? टक्केवारी शून्यावर आली की वजा सुरू करतो. वजा दहा, वजा तीस. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठच्या जवळ गेली. पेपरात रोज पहिल्या पानावर चौकट, उजनी वजा एवढे टक्के. लहान पोरांनापण पाठ. वजा साठ म्हणजे किती, तर उपयुक्त साठ्याच्या साठ टक्के, म्हणजे ३२ टीएमसी पाणी आपण मृतसाठ्यातून उपसलं. तळाला ३१-३२ उरलं, त्यात गाळ धरून. धंद्यात असं कुणी केलं, की वर्षाचा नफा खाऊन झाल्यावर मुद्दल अर्धं खाल्लं, तर बँक त्याला दारात उभं करत नाही. आम्ही मात्र ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के झालं की पेढे वाटून मोकळे झालो. २०२४ ला तसं झालंपण, दोन-अडीच महिन्यात वजा साठवरून शंभर. पुण्याकडच्या घाटात पाऊस पडला म्हणून. आपली सगळी योजना म्हणजे दुसऱ्याच्या घाटावरचा पाऊस आहे. तो एका वर्षी कमी पडला तर काय होतं हे २०१३ ला बघितलंय की, मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी उजनीचं पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसून होता.

वजातलं पाणी नुसतं कमी नसतं, ते वाईटपण असतं, हे फार कुणी बोलत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. पाऊस असो नसो, सांडपाणी रोज येतं, लोक रोज आंघोळ करतात. धरण भरलेलं असताना ते शंभर टीएमसीत मिसळतं, वजात असताना तीस-चाळीसमध्ये. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आणि जलपर्णीला आयतं खत. मार्च-एप्रिलमध्ये बॅकवॉटरला जाऊन बघा, पाणी पोपटी दिसतं, काठाला रंग ओतल्यासारखी साय. रात्री ते शेवाळ आणि सडणारी घाण ऑक्सिजन खाते, मग पहाटे मासे वर तोंड काढून उघडझाप करताना दिसतात. तिकडचे मासेवाले सांगतात की आता जाळ्यात चिलापीच चिलापी, मरळ नाही, वाम नाही, आणि वरून तो काचेच्या टाकीत ठेवतात तो काटेरी सकर मासा येऊन जाळी फाडतोय, जो कुणी खातपण नाही. आमच्या नळाला उन्हाळ्यात वास येतो तेव्हा ग्रुपवर चर्चा रंगते की पावडर जास्त टाकली का कमी. पावडरवर जाऊ नका. ज्या पाण्यातून मासा पळून गेला ते पाणी आपण गाळून पितोय.

एक गंमत सांगतो, म्हणजे लगेच कुणी पक्षीमित्र येऊन मला दुरुस्त करायच्या आधी. फ्लेमिंगोला, आपल्या रोहित पक्ष्याला, धरण भरलेलं आवडत नाही. पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की ते भिगवण-कुंभारगावला उतरतात. त्यामुळे पाणी खाली गेलं की सगळं जीवसृष्टीचं वाटोळं, असं सरळसोट काही नसतं. धरणाचं पाणी वरखाली होणारच. प्रश्न किती खाली आणि किती झपाट्याने, हा आहे, आणि त्याची रेघ कुठे मारायची हे कुणीतरी ठरवायला पाहिजे. आज ती रेघच नाहीये. मागेल तसं उपसायचं.

२०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला उजनीतून ५ टीएमसी द्यायचा आदेश निघाला तेव्हा अख्खा जिल्हा पेटला होता. युक्तिवाद काय होता, तर हे पुण्याहून येणारं सांडपाणीच आहे, सोलापूरच्या हक्काला धक्का नाही. आपण रस्त्यावर आलो, आदेश महिनाभरात मागे घ्यावा लागला. मला त्यातली एक गोष्ट आजही खटकते. एक बाजू म्हणत होती ते सांडपाणी आम्हाला द्या, दुसरी म्हणत होती आमचं सांडपाणी कुणाला देणार नाही. पाच टीएमसी घाण धरणात येते हे मात्र दोन्ही बाजूंनी निवांत मान्य केलं होतं. ती घाण आधी साफ करून सोडा म्हणून कुणी टायर जाळल्याचं मला आठवत नाही.

नदीला स्वतःचं पाणी ही काय माझी कल्पना नाही, उगाच पर्यावरणवाल्यांचं फॅड म्हणून उडवू नका. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत लिहिलंय की नदीच्या प्रवाहाचा काही भाग तिच्या जीवसृष्टीसाठी बाजूला ठेवावा. गंगेसाठी २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून किमान प्रवाह ठरवून दिला, धरणवाल्यांना तो पाळायला सांगितला. भीमेने काय घोडं मारलंय? पंढरपुरात जिच्या वाळवंटात लाखो लोक येतात ती नदी, आणि पुढे औजच्याही खाली हत्तरसंग कुडलला जिथे सीना येऊन मिळते तिथे संगमावरच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेची इतकी जुनी ओळ दुसरीकडे सापडणं मुश्कील. मे महिन्यात त्या संगमावर जाऊन उभे राहा. दोन नद्या भेटतात म्हणे, तिथे दोन वाळूचे पट्टे भेटतात, तेही वाळूवाल्यांनी काही ठेवलं असेल तर. वाळू म्हणजे नदीची टाकी आहे हो, पाणी धरून ठेवते, उन्हापासून झाकते. ती काढून खाली उघडा खडक केल्यावर वरून कितीही सोडा, थांबणार कशात?

माझा एक मित्र पाटबंधारे खात्यातून रिटायर झालाय, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, बारीक धार सोडली तर वीस किलोमीटरवर वाळू पिऊन टाकेल आणि उरलेलं मोटरी, औजला थेंब येणार नाही, म्हणून तर आम्ही लोंढा सोडायचो. बरोबर आहे त्याचं. उन्हाळ्यात बारमाही खळखळ वाहणारी भीमा आता कुणीच मागत नाहीये. पण मीच त्याला उलटं विचारलं, लोंढा येतो पंधरा दिवस आणि एकदम बंद होतो, तेव्हा काय होतं? मासे पाण्याबरोबर वर चढतात, उथळात येतात, आणि पाणी तुटलं की डबक्यात अडकून मरतात, मी मामांच्या गावात ती घाण बघितलीय, कावळे आणि कुत्री चार दिवस जेवत होती. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, डोह आणि बंधारे धरून करता येईल. नदीवर कोल्हापुरी बंधाऱ्यांची साखळी आहेच. प्रत्येक बंधाऱ्यात तळाचं काही पाणी, समजा दोन-तीन फूट, मे अखेरपर्यंत कुणी उचलायचं नाही असं ठरवायचं. पुढचा पाऊस येईपर्यंत मासे, कासवं, गुरं, काठचे झरे त्यावर निघतात. सोडायचं ते एकदम न सोडता टप्प्याने, आणि बंद करतानापण हळूहळू. याला साताठ टीएमसी लागणार नाहीत, त्याच्या हिशोबाने दोन-अडीच बास. म्हणजे पाईपातून सोलापूरला जितकं येणार तितकंच साधारण. आकडा त्याचा आहे, बिनसहीचा आहे, कुणीतरी नीट अभ्यास करून पक्का करायला पाहिजे. पण असा आकडा निघू शकतो एवढं तरी कळलं.

अवघड काय आहे तर मोटरी. पोलिस लावून लाईट कापणं हा काही कारभार नाही, तो पाण्याचा कर्फ्यू आहे. २००५ मध्ये राज्याने दोन कायदे केले, एक पाण्याच्या नियामक प्राधिकरणाचा आणि एक शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था करून मापाने पाणी घ्यायचा. मापाने, एकरावर नाही. नाशिककडे वाघाडच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं आणि कमी पाण्यात द्राक्षं पिकवून पैसा केला. आपल्या नदीकाठाला मात्र माप म्हणजे मोटरीची एचपी, आणि तीही प्लेटवर पाच लिहिलेली, आत साडेसात.

शहराने तरी काय दिवे लावलेत. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं म्हणून आपण गड्ड्याच्या जत्रेला अभिमानाने सांगतो, आणि त्याच तळ्यात निर्माल्याची पिशवी गाठ मारून टाकतो. पिशवीसकट. हिप्परग्याचा एकरुख तलाव इंग्रजांच्या काळातला, १८७१ च्या सुमाराचा, दीडशे वर्षं झाली अजून शहराला पाणी देतोय. कंबर तलावातली जलपर्णी काढतात, फोटो येतो, पुढच्या वर्षी परत काढतात, कारण खाली येणारं गटार तसंच आहे. आपण ज्या तोंडाने पुण्याला घाण सोडू नका म्हणतो त्याच तोंडाने आपलं सीनेकडे सोडतो. २०१६ च्या वीजदर धोरणात लिहिलंय की सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. आपल्याकडे फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा प्रकल्प शहराला खेटून आहे आणि त्याच्यासाठीपण पाणी उजनीचंच धरलंय. शंभर किलोमीटरवरून गोडं पाणी आणून त्याची वाफ करायची आणि आपलं गटाराचं पाणी नदीला द्यायचं, हे उलटं केलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? डाईंगवाल्यांनापण तेच, आमच्या धंद्याचं नाव घेतो म्हणून शेठ चिडतील, पण टॉवेल रंगवायला पिण्याचं पाणी लागत नाही.

बरं, गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये, २०२५ ला, सीनेला पूर आला तेव्हा हेच लोक, म्हणजे मीपण, नदी एवढी कुठून आली म्हणून बघत बसलो होतो. माढा, मोहोळ, करमाळा, घरात पाणी, पुण्याचा हायवे बंद. नदीची जागा, तिचं पात्र, तिचं पाणी, सगळं आपण वापरात आहे म्हणून आपलं धरलं, आणि ती एकदा येऊन सगळं मागून गेली.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघून वर्षाचं नियोजन ठरतं. मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री, आमदार, अधिकारी बसतात, कुणाला किती आवर्तनं ते ठरतं. त्या कागदावर पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं आणि बाष्पीभवनाचं असे रकाने असतात. बाष्पीभवनालासुद्धा रकाना आहे. सूर्य न विचारता नेतो त्याची नोंद होते आणि नदीची होत नाही. यंदाच्या ऑक्टोबरला एक रकाना वाढवा, भीमा नदी, आणि त्यात आकडा घाला. आणि वजा किती टक्क्यांवर शेतीचं, उद्योगाचं सगळं बंद होऊन फक्त पिण्याचं राहील तो आकडा त्याच कागदावर, पाऊस पडायच्या आधी नाही, धरण भरलेलं असताना लिहून ठेवा. एप्रिलमध्ये तहानलेल्या माणसाशी असली चर्चा होत नाही. शहरातल्या लोकांनी ही मागणी करायला पाहिजे, कारण इतकी वर्षं आपल्या नावाने पावत्या फाटल्यात, आता आपल्याला पाईप मिळाला म्हणून हात झटकून मोकळं होता येणार नाही.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला होता, लग्नाचं काहीतरी होतं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमचा तो पाईप चालू झाल्यावर आमची लाईट कापायचं बंद करतील ना रे?"

म्हणलं, "करतील की मामा. कशाला कापतील? नदीत सोडणारच नाहीत तर."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "मग बोअर मारावा लागंल." म्हणलं मामा, रानात तीन मारलेत, सहाशे फुटाला धुरळा निघाला.

"रानात न्हाई रे," मामा म्हणाले. "नदीत."